आधी बघा, मग पिन लावा

मागच्या अंकात माझ्या माडीवरच्या जुन्या टेस्टिंग उपकरणांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथं उत्तरं देतो. पहिलं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न इतर चार-पाच जणांनीही वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर २००४ साली दुकान बंद झालं. त्यांचा २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं उपकरण) तेव्हापासून माळ्यावर आहे. चालू करून बघायची फार इच्छा आहे. पिन लावून बघू का? (गडहिंग्लज)

नको. एवढ्यात नको. तुमची घाई मला कळते, पण आठवडाभर दम धरा.

उपकरण वीस वर्षं बंद राहिलं की सगळ्यात आधी त्यातले फिल्टर कंडेन्सर बिघडतात. या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, आणि तोच वीज अडवून धरतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही तर हा थर विरत जातो. मग एकदम २३० व्होल्ट आले की कंडेन्सरमधून नको तेवढा करंट वाहतो, तो तापतो, फुगतो आणि शेवटी फुटतो. तो शॉर्ट झाला की रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जातो आणि त्यापाठोपाठ ट्रान्सफॉर्मर. कंडेन्सर आजही शंभर-दोनशे रुपयांत मिळेल. ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? १९८८ साली मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकाऊ असताना एक सिग्नल जनरेटर असाच थेट लावला होता. त्याचा जळका वास अजून माझ्या नाकात आहे. ते उपकरण परत कधीच उठलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता काय करायचं ते सांगतो. प्रथम थ्री-पिन टॉप उघडून बघा. तुमच्या वडिलांचा टीव्ही दुरुस्तीचा धंदा होता, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. त्या काळच्या टीव्हीची चासी, म्हणजे आतला सांगाडा, बऱ्याचदा थेट लाइनला जोडलेली असायची. स्कोपच्या प्रोबची, म्हणजे मोजायच्या वायरची, अर्थिंगची क्लिप तिला लावली की फ्यूज उडायचा. म्हणून बरेच मेकॅनिक स्कोपचीच अर्थिंगची वायर तोडून ठेवत. काम व्हायचं, पण स्कोपच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरायची. वायर तुटलेली दिसली तर ती आधी जोडा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा असेल तर टीव्हीला लावायचा, स्कोपला कधीच नाही.

मग झाकण काढा आणि नुसतं बघत बसा. एक संध्याकाळ त्यातच घालवा. कुठला कंडेन्सर फुगलाय, कुठं बुडाशी तपकिरी डाग आलाय, कुठं उंदरानं वायर कुरतडलीय, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा. मेन्सच्या वायरीपाशी पिवळसर पारदर्शक कवचाचा चौकोनी कंडेन्सर असेल आणि त्याला बारीक चिरा पडल्या असतील, तर तो काढून त्याच रेटिंगचा नवा घाला. चिरांतून आत दमट हवा शिरलेली असते. वीज लागल्यावर काही मिनिटांत तो धूर सोडतो आणि घर भरून टाकतो. व्होल्टेज सिलेक्टर ११० वर नाही ना, फ्यूजच्या जागी कुणी तार तर गुंडाळली नाही ना, हेही बघून घ्या. पिक्चर ट्यूबकडे जाणाऱ्या जाड वायरीला मात्र हात लावू नका. पिन काढल्यावरही तिथं बराच वेळ चार्ज राहतो.

यानंतर सिरीज बोर्ड, म्हणजे उपकरणाकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड. १०० वॅटचा तारेचा बल्ब घ्या, एलईडी इथं चालत नाही. स्कोपचा ब्राइटनेस पूर्ण कमी करा आणि मग चालू करा. बल्ब क्षणभर भककन पेटून मंद लाल झाला तर ठीक. तसाच लख्ख पेटत राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर आणखी चांगलं. ६० व्होल्टवर अर्धा तास, मग १००, मग १५०, असं चढवत न्या. तो ऑक्साइडचा थर हळूहळू परत बसतो. हे सगळं जड ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या उपकरणाला लागू आहे. स्विचिंग सप्लाय असेल तर कमी व्होल्टेजवर तो धडपडत राहतो आणि बल्बही फसवतो. तो जाणकाराकडेच न्या.

रेघ दिसली की ब्राइटनेस बेताचाच ठेवा. एका जागी थांबलेला प्रखर ठिपका ट्यूबच्या फॉस्फरवर कायमचा डाग पाडतो. मग प्रोब पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावा. बहुतेक स्कोपांत तिथं १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो. तो चौकोन स्थिर दिसला की मला कळवा, मला खरोखर आनंद होईल.

आणखी एक विनंती. पॅनेलवर वडिलांनी पेन्सिलनं काही खुणा केल्या असतील तर त्या पुसू नका. काढलेले जुने भागही पाकिटात घालून, तारीख टाकून आतच ठेवा.

आमच्या फौंड्रीत जुना ॲव्हो मीटर सापडला. काटा मध्येच अडकतो. १५ व्होल्टची बॅटरी कुठंच मिळत नाही. दुरुस्तीला अर्थ आहे का? (शिवाजी उद्यमनगर)

आहे, अगदी आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांसाठी तीन वेगळे मीटर वागवायला लागायचे. त्यानं तिन्ही एका पेटीत बसवले आणि १९२३ साली ॲव्हो बाजारात आला. तुमच्याकडचा आठ नंबरचा दिसतोय. ते मॉडेल १९५१ साली निघालं आणि २००८ पर्यंत बनत होतं.

काटा अडकायचं कारण तुमच्या पत्त्यातच आहे. फौंड्रीतला लोखंडाचा बारीक कीस मीटरच्या चुंबकाच्या फटीत जाऊन बसतो. उद्यमनगरातून आलेल्या दर तीन मीटरांमागं एकात तरी मला तो सापडलाय. मीटर कारखान्यात उघडू नका. घरी, पंखा बंद करून, टेबलावर पांढरा कागद अंथरून उघडा. चिकटपट्टीची दोऱ्याएवढी रुंद पट्टी कापा, फटीत अलगद घाला आणि वर उचला. भिंगातून बघितलं तर पट्टीवर काळे केस उभे राहिल्यासारखे दिसतात, तोच कीस. तीन-चार वेळा करा. फुंकर मारू नका आणि चुंबक सुटा करू नका. एकदा सुटा केला की त्याचा जोर कमी होतो आणि सगळं मोजमाप चुकतं.

बॅटरीला सोपा उपाय आहे. घड्याळात घालतात तसले ३ व्होल्टचे चपटे सेल पाच, एकावर एक. झाले १५. ओहमवर मोजताना लाल प्रोब निगेटिव्ह असतो एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर चांगला डायोड उलटा समजाल.

आता अर्थ आहे का, त्याचं उत्तर. जुन्या रेडिओच्या सर्किटच्या नकाशावर छापलेले व्होल्टेज बहुतेक वेळा अशाच मीटरनं मोजलेले असतात. हा मीटर दर व्होल्टमागं २०,००० ओहमचा, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर २ लाख ओहम. जिथं ९ व्होल्ट १ लाख ओहममधून येतात तिथं हा मीटर ६ दाखवतो आणि डिजिटल जवळजवळ ९. नकाशावर ६ लिहिलेलं असतं, आणि पोरं डिजिटल मीटर धरून चांगला रेडिओ उकरत बसतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. नकाशा ज्या मीटरनं केला त्याच जातीचा मीटर हातात धरा.

२०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं. पॉवर सप्लाय आणि फंक्शन जनरेटर चार दिवस बुडाले होते. चिखलासकट तसेच ठेवलेत. टाकून देऊ? (कोल्हापूर)

टाकू नका, धुवा. ऐकून दचकाल, पण टेक्ट्रॉनिक्सच्या सर्व्हिस सेंटरातही स्कोप साबणाच्या पाण्यानं धुऊन मंद उष्णतेत वाळवत असत. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो ओल धरून ठेवतो आणि तांब्याला हिरवं करतो. आधी साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं गाळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. काट्याचा मीटर आणि ट्रान्सफॉर्मर आधी काढून ठेवा. ट्रान्सफॉर्मर चैत्र-वैशाखाच्या उन्हात आठ-पंधरा दिवस वाळू द्या आणि मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) इन्सुलेशन बघितल्याशिवाय जोडू नका. पावसाळ्यात हे काम हातात घेऊ नका.

मी कळंब्याला शिकते. मोबाइलएवढा डिजिटल स्कोप चार-पाच हजारांत मिळतो. मग जुनं धूड कशाला घ्यायचं? (कळंबा)

बाळ, रोजच्या कामाला नवाच घे. पण शिकायला एक जुनं उपकरण टेबलावर असू दे, कारण त्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि मॅन्युअलमध्ये तो तिथं का बसवलाय हे लिहिलेलं असतं.

एक उदाहरण देतो. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली कंपनी काढली, तेव्हा त्यांचं पहिलं उपकरण ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक सूर काढणारं उपकरण होतं, मॉडेल २००ए. असल्या ऑसिलेटरचा आवाज एक तर वाढत जाऊन फाटतो, नाहीतर विझतो. ह्युलेटनं त्यात एक छोटा दिवा घातला. आवाज वाढला की तार तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि ॲम्प्लिफायर आपोआप आवरतो. त्यानंतरच्या २००बी मॉडेलचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं घेतले. तू हे एक ऑप-ॲम (ॲम्प्लिफायरची छोटी चिप) आणि एक बारीक बल्ब घेऊन दोन तासांत करू शकतेस. कर, आणि बल्बवर बोट ठेवून आवाज कसा हलतो ते बघ.

आणि तुमच्या कॉलेजात डेड स्टॉकचं निर्लेखन निघालं की सरांना आधी मॅन्युअल मागून घे. उपकरण भंगारात जायच्या आधी त्याची पुस्तकं रद्दीत जातात. मला एका निर्लेखनात टेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्हचा स्कोप मिळाला. आत सिरॅमिकच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सगळे भाग डाग देऊन बसवलेले, आणि एका कोपऱ्यात खुंटीवर सोल्डरची छोटी गुंडी. ते चांदी मिसळलेलं सोल्डर होतं. साध्या सोल्डरनं पट्टीवरची चांदी विरघळून निघते, म्हणून पुढं कधीतरी दुरुस्त करणाऱ्यासाठी कारखान्यानंच ती गुंडी ठेवलेली. माझ्या हातात येईपर्यंत ती निम्मी संपली होती. उरलेली मी वापरली नाही, वेगळं सोल्डर आणलं.

माझ्या जुन्या आरएफ जनरेटरची (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाची) डायल बरोबर आहे का, हे फ्रिक्वेन्सी काउंटर न घेता कसं कळेल? (जयसिंगपूर)

रेडिओनं कळेल. मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झ, पुणे ७९२, मुंबई ५५८. तुमच्याकडे यातलं जे स्वच्छ लागत असेल ते लावा. जनरेटरची वायर रेडिओजवळ नुसती ठेवा, जोडू नका, आणि डायल हळूहळू त्या आकड्याकडे आणा. रेडिओत शीळ ऐकू येईल. आकडा जवळ येईल तशी ती जाड होत जाईल, मग घरघर, मग काहीच नाही. तिथं तुमचा जनरेटर आणि स्टेशन एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. आता रेडिओ सांगलीवरच ठेवून जनरेटर ४१७ वर न्या. त्याचं तिसरं हार्मॉनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, १२५१, म्हणून शीळ पुन्हा येते. असे तीन-चार बिंदू मिळाले की रेडिओ जुळवताना लागणाऱ्या ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास डायल किती चुकते ते काढता येतं.

जनरेटर अर्धा तास तापल्यावरच हे करा. आणि चूक डायलवर कोरू नका, कागदाच्या पट्टीवर पेन्सिलनं लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.