उत्तर : जोडीदारीण गेल्यावर गिनीपिगचे केस गळतायत

ताई, तुमची पोस्ट वाचून आमच्या मनी-चिंगी या गिनीपिगांचे ते दिवस डोळ्यांपुढे आले. तुमच्या दोघींतली एक गेली, पंधरा दिवसांत उरलेलीच्या कुशीवरचे केस विरळ झाले, आता तिला मागच्या खोलीत शांत ठेवू का, असं तुम्ही निपाणीहून विचारलंय. शांत ठेवा, पण एकटी पाडू नका. मी डॉक्टर नाही, माझा अनुभव सांगते.

आमच्याकडे आधी फक्त मनीचे केस जात होते. बेळगावातल्याच एका जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, कुत्रं सगळं होतं, हिचा रकाना नव्हता. त्यावरून दीड तास बाहेर बसवलं. आत गेल्यावर टोपलीतून बाहेरही काढू दिलं नाही. केस बाजूला करून कातडी बघितली नाही, वजन घेतलं नाही. लांबूनच "बुरशी आहे, दुसरीपासून लांब ठेवा" म्हणाले आणि मलम लिहून दिलं. आजही आठवलं की जीव जळतो. लहान जीव आहे म्हणून हात लावायचीही तसदी घ्यायची नाही का?

आणि मी ते ऐकलं. चिंगीला मागच्या पडवीत हलवलं. पहिले चार दिवस दोघी घराच्या दोन टोकांवरून एकमेकींना शिट्ट्या घालत होत्या. मग थांबल्या. मला वाटलं, सवय झाली. तीन आठवड्यांत चिंगी ९१० ग्रॅमवरून ७८० वर आली. जिला काहीच झालं नव्हतं तिच्या कमरेवरून हात फिरवला तर दाढीच्या खुंटांसारखं टोचलं. कातडी स्वच्छ, ना खपली ना कोंडा. केस मुळापासून गेले नव्हते, कुरतडलेले होते. डोकं आणि मान तेवढी जशीच्या तशी, कारण तिथे स्वतःचं तोंड पोचत नाही.

शेवटी कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मनीची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरजेचे किडे निघाले, बुरशी नव्हतीच. वजनाच्या हिशेबाने आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध दिलं, तेही दोघींना, कारण एकत्र वाढलेल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा डोस. आणि त्याच संध्याकाळी दोघींना एका पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. चिंगी रात्रभर मनीच्या पोटाला चिकटून बसली. कुरतडणं आठवड्यात थांबलं, केस भरायला मात्र दोन महिने लागले.

हा कळपात राहणारा प्राणी आहे. जर्मनीतल्या प्रयोगांत दिसलंय की अनोळखी जागी जिवाभावाचा जोडीदार सोबत असला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी चढतं. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळताच येत नाही. आपण कितीही मांडीवर घेतलं तरी ती सोबत आपल्याला देता येत नाही, हे माझं ठाम मत.

तरी सगळं दुःखावर ढकलू नका. दोन्ही कुशींवर सारखेच केस जात असतील, खाज नसेल आणि वय दोन वर्षांच्या आसपास किंवा पुढे असेल तर अंडाशयातली गाठ असू शकते, सोनोग्राफी करून घ्या. खाजवून हैराण असेल तर किडे. घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक अजिबात पाजू नका, ह्यांच्या आतड्यांना ते जिवावर बेततं.

नवी मैत्रीण आणाल तेव्हा दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून मगच भेटवा, तेही दोघींना नव्या असलेल्या जागी. दुकानदार मादी म्हणून नर देतात, स्वतः तपासून घ्या. नाहीतर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं. जोडीला ससा नको, त्याच्या लाथेने ह्यांची हाडं मोडतात.

हरळी, सुकं गवत भरपूर ठेवा, चघळायला काही नसलं की केसांवर येतात. रोज ढबू मिरचीची फोड द्या, क जीवनसत्त्व त्यांना शरीरात तयार करता येत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांना आणि गणपतीत डॉल्बी लागला की आम्ही पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून हलवतो, पण दोघींना मिळूनच.

उद्या सकाळच्या उजेडात केस मुळापासून गेलेत की मधेच तुटलेत ते बघा, वजन करा आणि इथे लिहा. मी वाट बघते.