तुकडा काढला म्हणून कॅन्सर पसरतो का?

भाऊ, तुमचे प्रश्न दोन. गालातल्या जखमेचा तुकडा तपासायला काढल्याने बाबांचा कॅन्सर पसरेल का? आणि मानेत गाठ हाताला लागत नसताना डॉक्टर मानेचंही ऑपरेशन का सांगतायत? दोन्हींचं मूळ एकच, म्हणून एकत्र लिहितो.

'सुरी लागली की उठतो' हे गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाडीवाडीत ऐकू येतं. पण तुकडा काढून तपासण्याच्या या बायोप्सीने कॅन्सर उठत नाही. पसरायची तयारी पेशींच्या आत आधीच चाललेली असते. पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचं रिसेप्टर असतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतं आणि गप्प होतं. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ते गरजेपेक्षा फार जास्त असतं, मग पेशींना वाढत राहा, मरू नका असे हुकूम आत सुटतच राहतात.

पण नुसती वाढ म्हणजे पसरणं नव्हे. त्यासाठी पेशीला शेजारणीचा हात सोडावा लागतो. तो धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. टीजीएफ-बीटासारख्या संदेशांनी स्नेल, ट्विस्ट ही प्रथिनं जागी होतात आणि ई-कॅडहेरिन दाबतात. शिवाय एमएमपी नावाची एन्झाइम्स तोंडाच्या आतल्या अस्तराखालचा पडदा कुरतडतात. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला खेकड्याने भोक पाडावं तसं: बांध वरून धड, पाणी मात्र शेतात. पडद्याखाली लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतून वाट थेट मानेच्या लसीका गाठींकडे जाते. या बारीक गाठी प्रत्येकाच्याच मानेत असतात, कॅन्सर नसला तरी.

बाबा तंबाखू सोडून आता 'नुसती सुपारी' खातात असं तुम्ही लिहिलंत. तीही बंद करा, घरच्या बागेतली असली तरी. तोंड उघडेनासं करणाऱ्या सुपारीच्या आजारात हाच टीजीएफ-बीटा सामील असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. (आईंची मशेरीही विचारून घ्या.)

आता मान. गाठीत मूठभर पेशी असतील तर त्या ना बोटाला लागतात, ना स्कॅनमध्ये हमखास दिसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ सालचा अभ्यास नेमका यावरच होता, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर. मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात जखमेची खोली मिलिमीटरमध्ये येते, ती जरूर विचारा. जितकी खोल, तितका मानेचा धोका जास्त.

ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन आहे, पण ते रेडिएशनसोबत किंवा आजार पुढे गेल्यावर. ते घेऊन ऑपरेशन टाळता येत नाही. एक वाट अडवली की पेशी दुसरी शोधतात.

चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात, दुसरं मत हवं तर तिथे विचारा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा आणि महात्मा फुले योजनेची चौकशी करा. 'गणपती होऊन जाऊ देत' असं बाबा म्हणतायत ना? तारीख मिळेल ती घ्या. मूर्ती यंदा धाकटे काका आणतील.