वावरात लाईट नाही, बाजूला नाला आहे. हायड्रॉलिक रॅम पंपाने पाणी वर चढेल का?

चढेल. पण नाल्यात पाणी किती आहे हे बघण्याआधी तो तुमच्या हद्दीत किती फूट खाली उतरतो ते मोजा. तुम्ही लिहिलंय की पारशिवनीच्या पुढे दोन एकर घेतलं, विजेचा खांब पाचसहाशे मीटर लांब आहे, घराची जागा नाल्यापासून चाळीसेक फूट उंच आहे, आणि नाला बारमाही असल्याचं विकणाऱ्याने सांगितलं. या शेवटच्या गोष्टीकडे नंतर येतो.

मी इंजिनिअर नाही. नागपुरात नोकरी आणि देवलापारच्या बाजूला थोडं वावर, अशी माझी ओढाताण. तिथे स्वतः जोडलेला रॅम पंप चार हंगाम चालवला, त्या अनुभवावर लिहितोय.

शहरात नळ झटकन बंद केला की कधी कधी भिंतीतला पाइप ठणकतो ना, रॅम पंप त्याच ठणक्यावर चालतो. वरच्या बांधातून लोखंडी पाइपाने पाणी खाली येतं आणि पंपाच्या उघड्या व्हॉल्वमधून नुसतं बाहेर सांडतं. सांडता सांडता वेग धरतं आणि शेवटी त्याच वेगाने व्हॉल्वची झडप ओढून मिटवतं. माझ्या बारा मीटर दीड इंची पाइपात पंधरा-सोळा किलो पाणी असतं. एवढं वजन धावत येतं आणि एका क्षणात अडतं. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने धावत असेल आणि झडप झटकन मिटली, तर लोखंडी पाइपात क्षणभर शंभर मीटरहून जास्त उंचीचा दाब तयार होऊ शकतो. त्या दाबाने दुसरा, वरच्या पाइपाकडे जाणारा व्हॉल्व उघडतो आणि थोडंसं पाणी त्यातून निसटतं. दाब ओसरला की पहिली झडप आपल्याच वजनाने पुन्हा खाली पडते आणि पाणी पुन्हा सांडायला लागतं. टक्… टक्… टक्… मिनिटाला पन्नासेक वेळा, रात्रंदिवस. ना वायर, ना डिझेल.

कल्पना जुनी आहे. १७७२ मध्ये इंग्लंडात जॉन व्हाइटहर्स्टने याच धक्क्याने पाणी चढवलं होतं, पण त्याचा नळ माणसाला हाताने उघडबंद करावा लागायचा. तो आपोआप चालणारा केला फ्रान्सच्या जोसेफ मोंगोल्फिएने, १७९६ मध्ये, आपल्या कागदाच्या कारखान्यासाठी. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांपैकी हा थोरला. आपल्याकडे उत्तराखंडच्या डोंगरात असे पंप बरेच बसले. तिथे उतारच उतार आहे. आपलं दुखणं नेमकं तेच आहे, उतार नाही.

हिशोब सोपा आहे. पंपात मिनिटाला येणारं पाणी गुणिले उतार, भागिले जेवढं वर चढवायचं ती उंची, आणि त्याचं निम्मं. कारखान्यात बनलेला चांगला पंप साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातो, पण घरी जोडलेल्याला निम्मंच धरा. माझ्याकडे उतार सहा फूट, म्हणजे १.८ मीटर. पाणी मिनिटाला ४५ लिटर. टाकी पंपापासून १४ मीटर वर. टाकीच्या तोंडाशी वीस लिटरची कॅन लावून मोबाईलवर वेळ लावली, तर ती सात मिनिटं आणि वर काही सेकंदात भरली. म्हणजे मिनिटाला जेमतेम पावणेतीन लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पंप झोपत नाही. चोवीस तासांत जवळजवळ चार हजार लिटर होतात. त्यावर माझी दीडशे संत्र्याची लहान कलमं ठिबकवर, दोन गाई आणि घर आरामात भागतं. तुमची उंचीही साधारण तेवढीच दिसतेय, तेव्हा अंदाज येईल.

बाकीचं बेचाळीस लिटर नाल्यातच परत जातं. खालच्या वावरातले काका पहिल्याच आठवड्यात बघायला आले. थोडा वेळ उकिडवे बसून बघत राहिले, मग म्हणाले, "काय जी, पाणी तर सारं इथंच सांडून रायलं, वर काय जाते मंग?" त्यांना टाकीपाशी नेलं. पाइपाच्या तोंडाशी हात धरून त्यांनी खात्री केली, काही बोलले नाहीत. परत खाली आले आणि पंपाभोवतीची माती काठीने उकरून वायर शोधू लागले. त्यांची दुसरी शंका मात्र खरी होती, की आपल्या वाट्याचं पाणी कमी तर होणार नाही? म्हणून तुम्हीही आधी खालच्या शेजाऱ्याला सोबत घ्या. सांडलेलं पाणी त्याच्याकडेच जातं हे त्याने डोळ्यांनी बघितलं, की पुढे कटकट राहत नाही.

आता उताराचं. कुही, मौदा किंवा कन्हानच्या सपाट पट्ट्यात कोणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणतो. तिथे सहा फूट उतार मिळवायला दोन-चार वावरं ओलांडावी लागतील, आणि तेवढा लांब पाइप चालत नाही. बांधातून पंपाकडे येणाऱ्या पाइपाची लांबी उताराच्या पाच ते दहा पट असावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याला, रामटेक-पारशिवनी-देवलापार भागात, खडकाळ नाल्यांना छोट्या छोट्या पायऱ्या असतात, तिथे जमतं. मोजायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी मागा, दोन माणसं आणि एक टेप. डोळ्याच्या अंदाजावर अजिबात जाऊ नका. मला जो दहा फूट वाटला होता तो सहा निघाला. पाणी मोजायला गोटे आणि माती लावून नाला आडवा अडवा, त्यात पाइपाचा तुकडा बसवा, आणि खाली बादली धरून सेकंद मोजा. पेंचचा कालवा जवळ असेल तर त्याच्यावर डोळा ठेवू नका. त्याला पाणी आवर्तनापुरतंच असतं, आणि परवानगीशिवाय तिथे पाइप टाकणं म्हणजे नसती भानगड.

माझ्या चुका सांगतो, तेवढाच तुमचा खर्च वाचेल. पहिल्या वर्षी मी वरून येणारा पाइपसुद्धा पीव्हीसीचा टाकला, दहा केजीचा, मजबूत म्हणून. पंप टक टक करायचा, पण आवाज मऊ, आणि टाकीवर पाणी ठिबकल्यासारखं यायचं. कारण प्लास्टिक त्या धक्क्याला फुगून दाद देतं. लोखंडात दाबाची लाट प्लास्टिकच्या तिपटीच्या आसपास वेगाने धावते आणि धक्का पुरा लागतो. तिसऱ्या आठवड्यात एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या तुकड्याच्या, जोडावर पाइप चिरला. मग इतवारीत लोहाओळीत जाऊन दीड इंची जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या) दोन लांब्या आणल्या, वीस-वीस फुटी. वाकण नाही, एल्बो नाही, सरळ रेषेत, आणि दोन ठिकाणी काँक्रीटमध्ये पकडलेला. सैल पाइप प्रत्येक ठोक्याला हलतो आणि ताकद त्यातच जाते. टाकीकडे जाणारा पाइप मात्र साधा काळा रोल पाइप चालतो, एक इंची पुरे.

दुसरी चूक व्हॉल्वची. मी दुकानात नुसतं "एनआरव्ही द्या" म्हटलं, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व, आणि दोन्ही स्प्रिंगवाले घेऊन आलो. टाकीकडच्या बाजूला स्प्रिंगवाला ठीक आहे. पण सांडणारा व्हॉल्व आपोआप उघडा राहायला हवा, स्प्रिंग तर त्याला मिटूनच ठेवते. तिथे आत पितळी झडप लटकते तो एनआरव्ही लागतो, उभा बसवायचा, त्यावरचा बाण खाली पंपाकडे. पाणी बाणाच्या उलट दिशेने बाहेर पडतं, तेव्हाच झडप ओढली जाते. बाण बघून सरळ लावला तर पंप कधीच चालणार नाही, आणि प्लंबर तुम्हाला वेड्यात काढेल ते वेगळंच. पहिल्यांदा सुरू करताना झडप बोटाने वीस-तीस वेळा दाबून सोडावी लागते. वरच्या पाइपात पाणी चढून उलटा दाब बसला की बोट काढून घ्या, मग ती आपली आपण चालते.

तिसरी गोष्ट हवेची. दुसऱ्या व्हॉल्वच्या पुढे एक बंद नळकांडं असतं, त्यातली हवा दबते आणि सुटते, म्हणून टाकीकडे पाणी सलग जातं. माझं चार इंची पीव्हीसीचं, तीन फूट लांब. पण ही हवा हळूहळू पाण्यात विरते. काही दिवसांनी नळकांडं पाण्याने भरतं, आणि मग ठोके हातोडीसारखे कडक वाजायला लागतात. तो आवाज ऐकूनही दुर्लक्ष केलं तर काहीतरी फुटतंच. शिकलेले लोक दुसऱ्या व्हॉल्वच्या खाली बारीक भोक पाडून दर ठोक्याला थोडी हवा आत घेतात. मी सायकलची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून घडी करून आत कोंबली आणि झाकण चिकटवलं. ट्यूबमधली हवा पाण्याला शिवतच नाही. चार हंगामांत एकदाच बदलली.

हे सगळं पाइपासकट मला बारा-तेरा हजारांत पडलं, पहिल्या वर्षीचा फुकट गेलेला पीव्हीसी सोडून.

रोजची कटकट पानांची. हिवाळ्यात साग पानं गाळतो, आणि सागाचं एक पान म्हणजे जवळजवळ ताटच. पाइपाच्या तोंडावरच्या जाळीला ते चिकटलं की पंप बंद. पंपाचा आवाज इतका अंगवळणी पडतो की चालू असताना ऐकू येत नाही, थांबला की जाग येते. सुरुवातीला मी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन नाल्यात उतरायचो. त्या भागात ते शहाणपणाचं नाही, वाघ पेंचच्या जंगलाची हद्द बघून फिरत नाही. आता सकाळपर्यंत पडून राहतो. त्यासाठीच टाकी पाच हजार लिटरची ठेवलीय, म्हणजे एक दिवस पंप बंद पडला तरी अडत नाही. तुम्हीही एका दिवसाच्या पाण्यापेक्षा मोठीच टाकी घ्या. पिण्यासाठी मात्र हे पाणी गाळून, उकळूनच.

आणि पूर. पहिल्याच ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसाने माझा पंप वाळू-गोट्यांखाली गाडला. कुदळीने उकरून काढला, हवेचं नळकांडं गेलंच. तेव्हापासून पाइपाला युनियन, म्हणजे झटकन उघडता येणारा जोड, बसवलंय. आभाळ भरलं की दोन पान्यांनी पंप सोडवायचा आणि खांद्यावर टाकून वर आणायचा. पूर नसला तरी जोराच्या पावसात खालचा डोह भरून पंपाच्या झडपेवर पाणी चढतं, उतार उरत नाही, आणि ठोके आपोआप थांबतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तो अर्धा वेळ बंदच असतो. तेव्हा पाण्याची गरजही नसते म्हणा.

आता "बारमाही". माझाही नाला सातबाऱ्यासोबत बारमाही म्हणूनच मिळाला होता. दिवाळीनंतर धार बारीक होते. संक्रांतीला मी पाइपाच्या तोंडाशी मातीची मेर घालून थेंब थेंब गोळा करतो. होळीपर्यंत नाल्यात नुसते डोह उरतात. डोहात पाणी दिसतं, पण ते वाहत नाही, आणि न वाहणारं पाणी रॅमच्या काही कामाचं नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कलमं पंचेचाळीस डिग्रीत तडफडतात, तेव्हा हा पंप गप्प असतो. उन्हाळ्यासाठी मी विहिरीवर सोलर बसवला. माझा रॅम दिवसभरात जेवढं चढवतो, तेवढं तीन एचपीचा सोलर चांगल्या उन्हात अर्ध्या तासाच्या आत चढवतो. राज्य सरकारच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, आणि अडीच एकरांपर्यंत तीन एचपी मिळतो. तुमची विहीर किंवा बोअर असेल तर पहिला अर्ज तिकडे करा. रॅम हा सप्टेंबर ते जानेवारीचा गडी आहे. तेवढं त्याच्याकडून करून घेतलं तर त्याच्यासारखा बिनतक्रार गडी नाही.

तेव्हा आत्ता काही विकत घेऊ नका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, विकणाऱ्याला न सांगता वावरात जा आणि नाल्यात उतरून बघा धार चालू आहे का. तेव्हा आटलेली असेल तर दिवाळीनंतर पुन्हा जाऊन बघा. मग लेव्हल नळीने मोजलेला उतार आणि बादली भरायला लागलेले सेकंद खाली लिहा, पाइप किती इंची घ्यायचा ते सांगतो.