10 बाय 15 च्या हॉलसाठी महागडे स्पीकर: कुठला प्रकार घ्यावा?

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या 10 बाय 15 फुटांच्या हॉलमध्ये, मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, तेही रात्री ऐकण्यासाठी जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर घ्यावेत, पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक की कर्ण्याचे हॉर्न. पैसे साठवून एकदाच घ्यायचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: या हॉलसाठी खोल बासला (अगदी खालच्या स्वरांना) पैसे मोजू नका, माणसाचा गळा ज्या स्वरांत असतो त्या पट्ट्याला मोजा.

याचं कारण खोलीच्या मापात आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकते आणि ठरावीक कंपनसंख्येचे स्वर फुगतात. 10 फुटांना हा फुगवटा साधारण 56 हर्ट्झला येतो, 15 फुटांना 37 ला, आणि छत 9 फुटांवर असेल तर 62 च्या आसपास आणखी एक. 56 आणि 62 इतके जवळ आहेत की दोन्ही मिळून एकच गोळा होतो. त्यात आपल्या भिंती विटा-काँक्रीटच्या. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या, जिप्सम बोर्डाच्या भिंती थोडा बास शोषतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपल्या भिंती तो जवळपास सगळा परत फेकतात. म्हणून तिकडच्या परीक्षणांत 'घट्ट बास' म्हणून नावाजलेला टॉवर ठाण्यातल्या हॉलमध्ये घुमायला लागतो.

टॉवरची ताकद खरी आहे, ती मी नाकारत नाही. मोठ्या आवाजातही त्यावर ताण येत नाही, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा त्याच्या आकारमानासकट उभा राहतो. पण तीन-चार ड्रायव्हरचा (पेटीतल्या आवाज काढणाऱ्या वेगवेगळ्या भागांचा) आवाज एकजीव व्हायला श्रोता आठ-दहा फूट लांब हवा, आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून सुटे हवेत. तुमच्याकडे दोन्ही एकदम जमणं कठीण.

शिवाय आपल्या संगीताला तेवढा खोल बास लागतच नाही. काळी एकच्या पट्टीत तानपुऱ्याच्या खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते. त्याखाली गायनाच्या मैफलीत फारसं काही घडत नाही. आणि तानपुऱ्याचं खरं रूप त्या मूळ स्वरापेक्षा जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीच्या खास घडणीतून) उमटणाऱ्या वरच्या स्वरांमध्ये आहे. खर्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार तिच्या पाचपट कंपनसंख्येवर, म्हणजे 346 च्या आसपास येतो. चांगल्या जोडीवर तो गाण्यामागे सतत जाणवतो. शोरूममध्ये माझी पहिली कसोटी हीच असते. दुसरी, हार्मोनियम आणि गळा एकाच सुरावर आले तरी वेगळे ऐकू येतात का.

या दोन्ही कसोट्यांवर मला इलेक्ट्रोस्टॅटिक सगळ्यात आवडतात. 1957 साली आलेल्या क्वाड कंपनीच्या पहिल्या इलेक्ट्रोस्टॅटिकपासून तत्त्व तेच: दोन जाळीदार पत्र्यांमध्ये ताणलेला केसापेक्षा पातळ पडदा, त्यावर काही हजार व्होल्टचा भार. पेटी नाही, त्यामुळे पेटीचा आवाज नाही. आलापीतला श्वास, मुरकीचा शेवटचा कण, सगळं समोर येतं. हा पडदा पुढे-मागे आवाज फेकतो आणि कडेला फारसा फेकत नाही, त्यामुळे 10 फुटांच्या बाजूच्या भिंती कमी त्रास देतात. पण मागे निदान तीन-चार फूट मोकळी जागा हवी, आणि तुमच्या हॉलमध्ये ती टीव्ही युनिट आणि जेवणाच्या टेबलातून काढावी लागेल. तबल्याची थाप त्यावर थोडी सौम्य वाटते. खरा आवाज एकाच खुर्चीवर मिळतो, शेजारी बसलेल्याला नाही. खाडीजवळची दमट हवा आणि रस्त्याची धूळ उच्च व्होल्टेजच्या पॅनलला मानवत नाही. जवळपास दुरुस्ती करणारा नसेल तर मी हा धोका पत्करायला सांगणार नाही.

हॉर्न थोडक्यात. थोड्या वॅटमध्ये प्रचंड जोम, तबला अंगावर येतो. पण पेट्या अवाढव्य असतात. 1946 सालच्या क्लिप्शहॉर्न या स्पीकरला तर खोलीचे दोन मोकळे कोपरे लागतात. शिवाय जवळून ऐकताना अनेक हॉर्न गळ्याला किंचित नाकातला रंग देतात.

म्हणून तुमच्यासाठी स्टँडवर ठेवायचे छोटे, उत्तम स्पीकर. बीबीसीने 70 च्या दशकात एलएस 3/5ए हा जेमतेम पाच लिटरचा, बंद पेटीचा स्पीकर रेकॉर्डिंग व्हॅनसारख्या लहान जागेसाठी बनवला. मानवी आवाज खरा वाटणं हा त्याचा मुख्य हेतू होता, आणि आजही त्या घराण्याचे स्पीकर तिथेच भारी पडतात. किंवा मग टॅनॉय, केईएफ या कंपन्यांसारखे, ज्यांत ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा भाग) मोठ्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या शंकूच्या, मध्यभागी असतो. जवळ बसूनही आवाज एका बिंदूतून आल्यासारखा वाटतो. उणिवाही ऐका. एलएस 3/5ए ची संवेदनशीलता (ठरावीक पॉवरवर निघणारा आवाज) 83 डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे 89 डेसिबलवाल्याच्या बरोबरीला यायला चौपट पॉवर लागते. आणि हळू आवाजात मुळात आपल्या कानालाच बास कमी ऐकू येतो, त्यामुळे रात्री डग्गा आणखी रोडावेल. यावर उपाय म्हणजे स्पीकर भिंतीच्या थोडे जवळ घेणं, किंवा टोन कंट्रोल असलेला अँप्लिफायर. शुद्धतावादी नाकं मुरडतील. तुम्ही खुशाल वापरा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शोरूममध्ये चकचकीत वाटावेत म्हणून अनेक महागड्या जोड्यांचा वरच्या स्वरांचा पट्टा चढा ठेवलेला असतो. कार्पेट आणि पडद्यांमध्ये तो खपून जातो. घरी व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या स्लायडिंग खिडक्यांमध्ये तोच टोचतो, आणि जुनी आकाशवाणीची रेकॉर्डिंग्ज ऐकवत नाहीत. दोष रेकॉर्डिंगला लावला जातो. म्हणून स्वतःच्या भीमसेन, कुमारांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरच ऐका, आणि दोन-तीन दिवस घरी जोडी देणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या. एका मर्यादेनंतर वाढीव पैसे बरेचसे पेटीच्या लाकडात आणि पॉलिशमध्ये जातात; त्यापेक्षा जाड गालिचा आणि पडदे घ्या.

जुनी जोडी मिळत असेल तर कोनभोवतीची कड बोटाने हळूच दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते, रबराची टिकते.

अँप्लिफायर कुठला आहे आणि सोफा कुठल्या भिंतीला आहे ते कळवलंत तर नेमकी मॉडेल्स सुचवतो.