आजीच्या आधी त्याला सांगा

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. थेरपीला आम्ही ‘क्लास’ म्हणतो. मिक्सर लावला की तो कान झाकतो, पण मुलुंड ते सीएसएमटी धिम्या लोकलची सगळी स्टेशनं त्याला पाठ आहेत. परवा त्याने विचारलं, “आई, या क्लासला माझ्या वर्गातलं कुणीच का येत नाही?” मी विषय बदलला. हे म्हणतात, दहावीनंतर सांगू. सासूबाईंनाही माहीत नाही. काय करू?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, त्याने विचारलं ना, मग आता थांबू नका.

मी थांबले होते. लेक 12 वर्षांची असताना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही हॉस्पिटलच्या रांगेत बसलो होतो. फाइल तिच्याच मांडीवर होती. तिने ती उघडली आणि वाचली. दोन दिवसांनी म्हणाली, “सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नाही.” आज ती 20 वर्षांची आहे, पण तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दहावीचं म्हणाल, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र जोडावं लागेल. म्हणजे नेमकं दहावीच्या धामधुमीत ते त्याला कागदावरून कळायचं.

समोर बसवून गंभीर चेहऱ्याने सांगू नका. लोकलमध्ये शेजारी बसून सांगा. रविवारी नको, मेगाब्लॉकने गाड्या मागेपुढे झाल्या की तो बेचैन होईल. शनिवारची दुपार बघा. म्हणा, “मिक्सरचा आवाज तुला आमच्यापेक्षा जास्त टोचतो, आणि स्टेशनं आमच्यापेक्षा पक्की लक्षात राहतात. तुझा मेंदू जन्मापासून असाच चालतो. त्याला ऑटिझम म्हणतात. हा आजार नाही आणि यात तुझी काही चूक नाही. काही गोष्टी तुला जड जातात, त्यासाठी तो क्लास.” ऑटिझम हाच शब्द वापरा. ‘स्वमग्नता’ हा त्याचा मराठी शब्द मला मुलांसमोर नकोसा वाटतो. आपण मुद्दाम स्वतःतच गुंग राहतो, असं त्यांना वाटतं.

तो कदाचित काहीच बोलणार नाही, पुढचं स्टेशन सांगेल. सांगू द्या. प्रश्न आठवड्याने येतील, तेही बहुतेक झोपायच्या वेळी.

वर्गशिक्षिकेला माहीत असावं. सासूबाईंचं मात्र त्यालाच विचारा, “आजीला सांगूया का?” नको म्हणाला, तर महिन्याभराने पुन्हा विचारा.