एकच तालुका, एकच मुंबई, पण लावण्या दोन

तुम्ही विचारलंय की लेखकाचं आयुष्य आणि त्याचा काळ लिखाणात नेमका कसा उतरतो, आणि "गरिबी भोगली म्हणून गरिबीवर लिहिलं" याच्या पुढे काही सांगता येतं का. येतं, आणि माझ्या मते त्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या वाळवा तालुक्यातलंच आहे, सांगली जिल्ह्यातलं.

या एका तालुक्यातून दोन शाहीर निघाले. एक रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, जन्म १८६६. दुसरे वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, मूळ नाव तुकाराम, जन्म १९२०. दोघंही मुंबईला आले आणि दोघांनीही मुंबईवर लावणी लिहिली. बापूरावांची मुंबई म्हणजे रावणाची दुसरी लंकाच, चारी मुलखात जिचा डंका वाजतो अशी नगरी, सगळा थाट आणि शोभा. अण्णाभाऊंच्या लावणीत वर मलबार हिलची इंद्रपुरी आहे आणि खाली परळात रात्रंदिवस राबून मिळेल ते खाणारी माणसं. शहर तेच, प्रकार तोच, दोघांची बोलीसुद्धा एकाच मातीतली, मग फरक कुठून आला?

सोपं उत्तर जातीचं आहे, एक कुलकर्णी ब्राह्मण आणि दुसरा मांग वस्तीतला. पण मला ते अपुरं वाटतं, कारण बापूरावांनी स्वतःच जातीची चौकट मोडली होती, कुलकर्ण्याच्या घरातला माणूस तमाशात उतरला आणि महार समाजातल्या पवळा या तमाशा कलावतीबरोबर त्याने फड (तमाशाचा संच) गाजवला, त्या काळात याची केवढी किंमत मोजावी लागली असेल विचार करा. म्हणजे बंडखोरी त्यांच्यातही होती. फरक पडला तो कोणासाठी आणि कशाच्या जोरावर गायचं यात. बापूराव फडाचे मालक, पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकासमोर उभे, त्याला डोळे दिपवणारं काहीतरी द्यायचं हेच त्यांचं पोट आणि हीच त्यांची कला. अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर गावाहून मुंबईपर्यंत पायी आले, पडेल ती मजुरी केली, गिरणीत काम केलं, कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्या समोर बसलेला माणूस संपावरचा कामगार. त्याला मुंबईची शोभा सांगून काय उपयोग, ती तर तो स्वतःच्या घामाने चालवत होता. म्हणून मी म्हणतो की लेखकाचं आयुष्य बघताना त्याच्यावर काय काय संकटं आली एवढंच बघू नका, त्याच्या समोर कोण बसलं होतं तेही बघा.

आता काळाबद्दल. आपण "लेखकाचा काळ" एकच धरतो तिथे गडबड होते. अण्णाभाऊंची "फकिरा" ही कादंबरी घ्या. गोष्ट घडते ती ब्रिटिश अमदानीतल्या वाटेगावात, फकिरा हा त्यांच्या नात्यातलाच माणूस, दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागल्यावर धान्य आणि खजिना लुटणारा. मांग-रामोशांना रोज हजेरी द्यावी लागायची, गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांची ही गोष्ट. पण कादंबरी आली १९५९ साली. तोपर्यंत तो कायदा रद्द होऊन सात वर्षं झाली होती, देश स्वतंत्र होता, बाबासाहेब जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात अण्णाभाऊ म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलितांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य डोक्यात ठेवून फकिरा वाचा म्हणजे कळतं की सरकारी दफ्तरात ज्याला दरोडेखोर म्हटलं असतं तो इथे इतका ताठ कण्याचा, इतका न्यायी का आहे. ती उंची १९५९ मधल्या लेखकाने आणली, गावाने फक्त माणूस पुरवला. आणि त्याच कादंबरीत विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या बाजूने उभा राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसती जातीची चीड लिहायची असती तर हे पात्र असं आलं नसतं. कामगार चळवळीत वेगवेगळ्या जातीची माणसं खांद्याला खांदा लावून लढताना ज्याने पाहिली, त्यालाच असा कुलकर्णी सुचला असावा, निदान मी तरी तसं वाचतो.

आणि अण्णाभाऊंची "माझी मैना" ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, तर सगळ्यांना माहीत आहे. सुरुवात अगदी घरगुती, बायको गावाला आणि नवरा मुंबईत, त्या काळातल्या हजारो गिरणी कामगारांचं दुःख, खोलीत दहा-पंधरा जण आणि कुटुंब देशावर नाहीतर कोकणात. आणि मग छक्कड वळते आणि ती ताटातूट खंडित महाराष्ट्राची होते, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन नसतं तर ही छान विरहाची लावणी झाली असती आणि तिथेच थांबली असती. आणि अण्णाभाऊ स्वतः पोटासाठी गाव सोडून आलेले नसते तर ती सीमाप्रश्नावरची घोषणा झाली असती. मला तर हे वळण ऐकताना अजून अंगावर काटा येतो.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळंच अनुभवलेलं असतं असं नाही. रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा अण्णाभाऊंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिला आणि रशिया प्रत्यक्ष पाहिला तो १९६१ मध्ये. न पाहिलेल्या शहराच्या लढाईवर इतकं जीव तोडून लिहिता आलं कारण परळ-लालबागच्या कामगाराला ती लढाई स्वतःची वाटत होती. इथे आयुष्यापेक्षा काळ जास्त बोलतो.

तुम्हाला याच्यावर लिहायचं असेल तर आधी दोन्ही मुंबईच्या लावण्या एकापाठोपाठ ऐका, मग अण्णाभाऊंची "स्मशानातील सोनं" ही कथा वाचा. त्यातला भीमा, खाणीचं काम बंद पडलं म्हणून मढी उकरणारा, हा गावाकडून मुंबईच्या कडेला येऊन पडलेला माणूस आहे, आणि अण्णाभाऊ स्वतः घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होते. चरित्र नंतर वाचा. आधी वाचलंत तर प्रत्येक पानात तुम्ही फक्त त्यांचं आयुष्य शोधत बसाल आणि भीमाची भूक राहून जाईल.