आगाऊ पैसे भरले, कन्सोल मात्र दुसऱ्यांच्या घरी

निपाणी येथील एक वाचक लिहितात : "नव्या गेम कन्सोलसाठी मी कोल्हापुरातील एका दुकानात १०,००० रुपये आगाऊ भरले. पावतीवर छापील किंमत आणि 'लाँचनंतर आठ दिवसांत देणे' असे लिहिले आहे. आता दोन महिने झाले. माल फारच थोडा येतो, असे दुकानदार सांगतात. मात्र सोबत दोन गेम व जादा कंट्रोलर घेतला किंवा छापील किमतीवर ८,००० रुपये दिले, तर लगेच देतो, असेही म्हणतात. तसे नको असेल, तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही म्हणे. माझ्यामागून आलेल्या दोघांना कन्सोल मिळाला आहे. मी कर्नाटकात राहतो. दाद कोठे मागावी?"

सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेली पावतीची प्रत मी दोनदा वाचली, कारण सारे प्रकरण तिच्यावर उभे आहे. बिलबुकातील साधेच पान आहे. पण त्यावर दुकानाचा शिक्का, तारीख, ठरलेली किंमत आणि मुदत आहे, आणि अशा पावत्यांवर बहुधा असणारे 'माल उपलब्ध झाल्यास' हे शब्द नाहीत. ते असते, तर रक्कम परत करून दुकानदाराला बरेचसे मोकळे होता आले असते.

टंचाई खरी असू शकते, हे आधी मान्य करू. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलचेच उदाहरण घ्या : तो परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. येथील आगाऊ नोंदणी १२ जानेवारीस सुरू झाली ती पाहता पाहता संपली, आणि जगभर चिपांचा तुटवडा असल्यामुळे पुढेही बराच काळ तो सहज मिळत नव्हता. कंपनीने माल कमी पाठवला, याचा दोष किरकोळ विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. परंतु माल मिळवणे अवघड किंवा महाग झाले, एवढ्याच कारणाने भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ खाली करारातून सुटका होत नाही. शिवाय येथे माल आलेला आहे आणि तो आपल्या नंतरच्या गिऱ्हाइकांना दिला गेला आहे. त्यामुळे आलेले नग कोणाला आणि कोणत्या अटीवर दिले, याचेच उत्तर दुकानदाराला द्यावे लागेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(४१) आपल्या प्रकरणाला नेमके लागू पडते. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे, तसेच ठरलेल्या मुदतीपेक्षा पुरवठा लांबवणे आणि त्यामुळे किंमत वाढणे किंवा वाढण्याचा संभव असणे, या दोन्ही गोष्टी त्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा म्हणून सांगितल्या आहेत. दोन गेम आणि कंट्रोलरची सक्ती पहिल्यात सरळ बसते. जादा ८,००० रुपयांची मागणी हा वेगळा मुद्दा आहे : वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन (वजने-मापे) नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही. ही तक्रार मात्र दुकान जेथे आहे तेथील, म्हणजे कोल्हापूरच्या, वैधमापन कार्यालयात करावी लागेल.

ग्राहक तक्रारीसाठी आपल्याला राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा केंद्राचा आहे, आणि त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. म्हणून आपली तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. पावती व पत्रव्यवहार मराठीत असल्याने त्यांचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर सोबत जोडावे. एवढ्यावरून तारीख पुढे ढकलली जाऊ नये, म्हणून सांगतो.

त्याआधी दुकानदाराला १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, आणि तीत ठरलेल्या किमतीत कन्सोल द्यावा किंवा १०,००० रुपये व्याजासह परत करून नुकसानभरपाई द्यावी, अशी मागणी स्पष्ट करावी. स्वतःच करार मोडणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम जप्त करण्याचा अधिकार नाही. जादा रकमेची मागणी व्हॉट्सॲपवर आली असेल, तर नुसता स्क्रीनशॉट पुरेसा समजू नका. मूळ संभाषण फोनमध्ये तसेच राहू द्या. मागणी तोंडीच झाली असेल, तर "गेम न घेता कन्सोल कधी मिळेल?" असा साधा संदेश आजच पाठवावा. येणारे उत्तर, किंवा आलेच नाही तर तेही, कामी येते.

कन्सोल दलालाकडून चढ्या भावात घेऊन फरक वसूल करावा का, असेही आपण विचारले आहे. करार कायद्याच्या कलम ७३ खाली बाजारभावातील फरक मागता येतो, पण नुकसान आटोक्यात ठेवण्याचे वाजवी प्रयत्न आपण केले का, हेही पाहिले जाते. काळ्या भावाची बिनबिलाची खरेदी आयोगापुढे टिकवणे कठीण आहे. मी तसे करणार नाही.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, सुटीच्या दिवशी गल्लीतील मुलांना तासाच्या दराने खेळू देण्याचाही विचार आहे. खरेदी व्यापारी हेतूने असेल, तर 'ग्राहक' ही ओळखच जाते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. आपली नोकरी आहे, म्हणजे ती सूट आपल्याला मिळणे अवघड. कन्सोल घरच्या वापरासाठीच घेत असाल, तर तक्रारीत तसे लिहावे. तसे नसेल, तर आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा विचार करावा लागेल, आणि नोटीस धाडण्यापूर्वी मला कळवावे.